‘काउन्सेलिंगला जा’ म्हणण्याच्या आधी

आलेला प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवणाऱ्या एक मराठी असिस्टंट प्रोफेसर लिहितात: “माझ्या केमिस्ट्रीच्या वर्गात पस्तीस मुलं आहेत आणि त्यांत एकच कृष्णवर्णीय मुलगा. पहिल्या परीक्षेत तो वरच्या पाचांत होता. नंतर मागच्या बाकावर बसायला लागला, मग उशिरा यायला लागला, आता येतच नाही. बोलावून विचारलं तर ‘आय ॲम फाइन’ म्हणाला. मी काउन्सेलिंग सेंटरची लिंक पाठवली, तो गेला नाही. मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही, मग मी नेमकं करायचं काय? आणि खरं सांगू? मीही बाहेरूनच आले, मलाही इथे कोणी हात धरून चालवलं नव्हतं, असंही मनात येऊन जातं.”

मी सायकॉलॉजिस्ट आहे. गेली अठरा वर्षं अमेरिकेतल्याच एका विद्यापीठाच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकन आणि आशियाई असतात. तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते लिहायला धीर लागतो आणि बाकीचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

तुम्ही-मी इथे आलो ते बावीस-तेविसाव्या वर्षी. तोवर आपल्या शाळेतल्या बाई, गावातले डॉक्टर, टीव्हीवरची माणसं, सगळी आपल्यासारखीच दिसत होती. हुशार मुलगी म्हणून आपली ओळख पक्की झाल्यावर आपण विमानात बसलो. त्यामुळे इथे कोणी तिरकं बोललं तर ‘याला काय कळतंय’ असं मनात म्हणायला पायाखाली जमीन होती. त्या मुलाला ती जमीन इथेच मिळवायची आहे, आणि त्याच्याकडे बघण्याची इथली नजर त्याने पाच-सहा वर्षांचा असल्यापासून भोगली आहे. दुकानात त्याच्या मागे-मागे फिरणारा गार्ड, शाळेत दंगा दहा जणांनी केला तरी ऑफिसात पाठवला जाणारा एकटा तो. आपल्याला जे जमलं ते आपल्या कष्टाने जमलं, यात शंका नाही. पण आपण वेगळ्या वजनाची पिशवी घेऊन चढलो. ‘मलाही कोणी मदत केली नव्हती’ हे वाक्य त्याच्यासमोर तोंडातून निघालं नाही तरी चेहऱ्यावर दिसतं, आणि ही मुलं चेहरे वाचण्यात तरबेज असतात. त्यांना व्हावंच लागतं.

आता तुमच्या वर्गाकडे वळू. पस्तीसांत एकटा असणं म्हणजे काय, ते माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते). लॅबमध्ये जोड्या लावायला सांगितल्या की ती आधी बाटल्यांची लेबलं वाचत बसायची, म्हणजे ‘मला कोणी घेतलं नाही’ असं दिसू नये. जोडीदार मिळाला की तो तिने केलेलं टायट्रेशन परत करून बघायचा. इतरांचं बघायचा का, तर ते तिला माहीत नव्हतं. तिचा सगळा त्रास त्या ‘माहीत नव्हतं’मध्ये होता. तो सगळ्यांशीच तसा वागतो की माझ्याशीच? मी फार मनाला लावून घेते का? बोलले तर ‘चिडकी’ ठरेन का? प्रयोग चालू असताना डोक्यात हा दुसरा प्रयोग चालूच. चेस्टर पिअर्स या हार्वर्डमधल्या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञांनी 1970 साली अशा बारीक, बोचणाऱ्या वागण्याला ‘मायक्रोॲग्रेशन’ हा शब्द दिला. एकेक प्रसंग इतका छोटा की तक्रार करायला लाज वाटावी, आणि रोजचा इतका की माणूस आतून झिजून जावा.

म्हणून मी माझ्या सेंटरमधल्या शिकाऊ थेरपिस्टांनाही सांगते की ‘तुला काय होतंय’ याआधी ‘तुझ्याबरोबर काय घडतंय’ हे विचारा. दुखणं प्रत्येक वेळी मुलाच्या डोक्यात नसतं. पुष्कळदा ते मूल आणि ती जागा यांच्या मधे असतं, आणि त्या जागेचा एक भाग तुम्ही आहात. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. उलट, म्हणूनच तुमच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. मला तो आठवड्यातून पन्नास मिनिटं भेटेल, तेही आला तर. त्याचा ग्रेड, त्याची मुदत, त्याच्या पेपरवरचा शेरा, पुढचं शिफारसपत्र हे सगळं तुमच्याकडे आहे.

काउन्सेलिंगची लिंक पाठवून तुम्ही चूक केली नाहीत, पण नुसती लिंक पोचते ती अशी: ‘तुझ्यात काहीतरी बिघाड आहे, तो दुसरीकडे जाऊन दुरुस्त करून ये.’ मिशिगन विद्यापीठातून चालणारा ‘हेल्दी माइंड्स’ हा विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या देशातल्या मोठ्या सर्व्हेंपैकी एक. 2013 ते 2021 या काळातली 373 कॉलेजांतल्या साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तर शेवटच्या वर्षी साठ टक्क्यांहून जास्त मुलं कुठल्या ना कुठल्या मानसिक त्रासाच्या निकषात बसत होती. म्हणजे त्रास सगळ्यांनाच आहे. फरक पडतो तो उपचारात. आशियाई, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचं उपचार घेण्याचं सगळ्यांत चांगल्या वर्षातलं प्रमाणसुद्धा गोऱ्या मुलांच्या सगळ्यांत वाईट वर्षाच्या वर गेलं नाही. मूळ अमेरिकन मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता सगळ्यांत वेगाने वाढली.

का जात नाहीत? ‘त्यांच्या समाजात मानसिक आजार लपवतात’ एवढंच उत्तर मिळालं की मला राग येतो. लाज असते, आपल्याकडेही असते. पण कारणं दाराच्या आतल्या बाजूलाही आहेत. देशातल्या पाच सायकॉलॉजिस्टांपैकी चार गोरे आहेत. मुलगा पहिल्या सेशनला येतो, अर्धा तास वंश म्हणजे काय हे थेरपिस्टलाच समजावून सांगतो आणि परत फिरकत नाही. घरी इन्शुरन्सचं पत्र जाईल ही भीती असते. बहुतेक विद्यापीठांत सेंटरची सेशन्स फीमध्येच धरलेली असतात आणि इन्शुरन्सकडे बिल जात नाही, पण हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. काही घरांत डॉक्टर, पोलीस आणि सोशल वर्कर या तिघांच्या आठवणी चांगल्या नसतात. आणि सेंटर खरोखरच भरलेलं असतं. आमच्या क्षेत्रातली शिफारस दर हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक थेरपिस्ट अशी आहे. मी दोन विद्यापीठांत काम केलं, दोन्हीकडे त्याच्या जवळपासही नव्हतो. ऑक्टोबर उजाडला की वेटिंग लिस्ट लागते, सहा-आठ सेशन झाली की बाहेरच्या थेरपिस्टचं नाव हातात देतात आणि बाहेर एका तासाला 150 ते 200 डॉलर पडतात. संध्याकाळी गोदामात पेट्या उचलून फी भरणाऱ्या मुलाला तो कागद देताना काय वाटतं, ते मला विचारा.

त्यामुळे एक काम आधी करा. सेमिस्टर चालू असताना एकदा सेंटरला फोन करून विचारा: पहिली भेट किती दिवसांत मिळते, कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो थेरपिस्ट कोणी आहे का, विद्यार्थी तसा मागू शकतो का, ग्रुप थेरपी चालते का, बसता-उठता गप्पा मारायला येणारा ‘ड्रॉप-इन’ थेरपिस्ट ठरावीक दिवशी लायब्ररीत किंवा हॉस्टेलमध्ये बसतो का. मग मुलाला ‘सेंटरला जा’ म्हणण्याऐवजी एका माणसाचं नाव सांगता येतं. ‘बुधवारी दोन ते चार डॉ. अमुक लायब्ररीत बसतात, मी त्यांच्याशी बोलले आहे, भल्या आहेत.’ या एका वाक्यासरशी अर्धं अंतर कापलं जातं.

आणि त्याची तयारी दिसली, तर तुमच्या ऑफिसातूनच फोन लावा. तुम्ही बसलेल्या असताना त्याने बोलावं, वेळ ठरवावी. दहा मिनिटं मोकळी असतील तर बरोबर चालत जा. माझ्या ओळखीच्या एक गणिताच्या प्राध्यापिका हे गेली कित्येक वर्षं करतात. आमच्या वेटिंग रूममध्ये त्या मुलाबरोबर बसतात, कोट काढत नाहीत, फॉर्म भरताना त्याच्याकडे बघत नाहीत, त्याचं नाव पुकारलं की उठून निघून जातात. त्यांनी आणलेल्या मुलांपैकी बहुतेक जण दुसऱ्या वेळी आपले आपण येतात. नुसत्या लिंकवरून आलेल्यांबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

विचारायचं कसं, तेही सांगते. ‘हाऊ आर यू’ला अमेरिकेत ‘फाइन’ हेच उत्तर असतं, तो त्या शब्दाचा शिष्टाचारच आहे. डोळ्यांना दिसलेलं सांगा: “सप्टेंबरमध्ये तू पुढे बसायचास आणि शंका विचारायचास. आता तीन आठवडे दिसला नाहीस. मला तुझी आठवण येते वर्गात.” मग गप्प बसा. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण लगेच सल्ला द्यायला धावतो. तो वर्गातलं काही बोलला, कोणी काय म्हटलं ते सांगितलं, तर ‘त्याचा तसा हेतू नसेल’ हे वाक्य गिळून टाका. हेतूचा विचार त्याने रात्रभर केलेला असतो. ‘हे माझ्या वर्गात घडलं याचं मला वाईट वाटतं, मी काय केलेलं तुला चालेल?’ एवढं पुरे. ‘तुला चालेल?’ हे महत्त्वाचं, नाहीतर आपण तावातावाने सगळ्या वर्गासमोर त्याचा कैवार घ्यायला जातो आणि त्याला तोंड लपवायला जागा उरत नाही.

घरचं काही असेल, पैशांचं असेल, रात्रीची नोकरी असेल. पुष्कळदा ‘नैराश्य’ म्हणून आलेल्या मुलाची पहिली गरज अन्न आणि झोप ही असते. बऱ्याच विद्यापीठांत आता फूड पँट्री (गरजू विद्यार्थ्यांना फुकट खाण्याचं सामान देणारी खोली) असते, तातडीच्या मदतीचा फंड असतो. डीन ऑफ स्टुडंट्सचं ऑफिस त्याची माहिती देतं.

मरणाचा विचार बोलण्यात डोकावला तर आडवळणाने जाऊ नका. सरळ विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकट्याने वाहिलेलं ओझं कोणीतरी बघितलं याने श्वास मोकळा होतो. होय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, सेंटरच्या तातडीच्या नंबरवर तिथूनच फोन लावा. रात्र असेल तर 988 हा राष्ट्रीय नंबर चोवीस तास चालतो. बोलायचं नसेल तर 741741 वर मेसेज करता येतो. ‘स्टीव्ह’ (STEVE) हा शब्द इंग्रजी अक्षरांत पाठवला तर तो खास याच मुलांसाठी सुरू केलेल्या सोयीत जातो. ज्या स्टीव्ह फंडाने ती सोय केली, तो 2014 मध्ये आपला कृष्णवर्णीय तरुण मुलगा गमावलेल्या कुटुंबाने उभा केला आहे.

इथे एक सावधगिरी सांगते, जी आम्हीही उशिरा शिकलो. घाबरून मध्यरात्री कॅम्पस पोलिसांना ‘वेलफेअर चेक’साठी, म्हणजे मूल ठीक आहे ना ते बघायला, पाठवणं गोऱ्या मुलाला कदाचित नुसतं अवघडल्यासारखं वाटेल. कृष्णवर्णीय मुलाच्या दारावर गणवेशातला माणूस बंदूक लावून उभा राहिला तर तो क्षण त्याच्यासाठी मदतीचा नसतो, जिवाच्या धोक्याचा असतो. जीव खरोखर धोक्यात असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर पोलिसांना बोलवावं लागतं. पण आधी विचारा: रात्री थेरपिस्ट जातो का, हॉस्टेलचा प्रमुख जाऊ शकतो का, फोनवर बोलता येईल का. तुमच्या विद्यापीठात काय व्यवस्था आहे ते शांत दिवशी शोधून ठेवा.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यांत जास्त भरवसा आहे तिच्याकडे येते: पेपरवरचा शेरा. लाल शाईने भरलेला लॅब रिपोर्ट परत मिळाला की गोरा मुलगा बहुतेक वेळा समजतो, ‘रिपोर्ट वाईट झाला.’ तुमच्या त्या विद्यार्थ्यापुढे दोन अर्थ उभे राहतात: रिपोर्ट वाईट आहे, की मी यांना इथला वाटत नाही? याचा उलटा धोकाही आहे. ‘बिचारा’ म्हणून ढिला हात ठेवला, ‘छान’ लिहून सोडून दिलं, तर ते त्याला लगेच कळतं, आणि त्याहून मोठा अपमान नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारखे कडक शेरे दिले, मात्र निम्म्यांच्या निबंधाला एक वेगळी चिठ्ठी जोडली. तिचा आशय असा, की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे देते आहे. निबंध सुधारून परत देणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण 17 टक्क्यांवरून 70 च्या पुढे गेलं. गट लहान होता, आकडा जसाच्या तसा सगळीकडे येईल असं मी म्हणत नाही. पण मी स्वतः शिकाऊ थेरपिस्टांचे रिपोर्ट तपासते तेव्हा त्या दोन्ही गोष्टी लिहिते, अपेक्षाही आणि विश्वासही. एक लिहून दुसरी गाळली तर काम होत नाही.

वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा 2011 चा अभ्यासही याच दिशेचा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना तासाभराच्या एका उपक्रमात वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही इथे परकं वाटलं, हळूहळू गेलं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या ग्रेडमधलं अंतर निम्म्यावर आलं. हे ऐकून पुष्कळ विद्यापीठांनी तो तासाभराचा धडा उचलला आणि काम झालं असं मानलं. मग 2023 मध्ये 22 कॉलेजांतल्या जवळजवळ 27,000 विद्यार्थ्यांवर तोच उपक्रम करून पाहिला, तेव्हा तो चालला तिथेच, जिथे त्या मुलांना खरोखर सामावून घेण्याची सोय होती. कोरड्या मातीत बी पेरून उगवत नाही. ‘तू इथला आहेस’ हे सांगायचं असेल तर ते तसं असावंही लागतं.

आणि सध्या ते अवघड झालं आहे. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याला मनाई केली. टेक्सासात 1 जानेवारी 2024 पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशाची ऑफिसं कायद्याने बंद झाली, इतर काही राज्यांतही तेच झालं. ज्या खोलीत ही मुलं डबा खायला, नुसती पडून राहायला जायची, तिला कुलूप लागलं. त्या खोलीने किती मुलांना माझ्या दारापर्यंत यावंच लागू दिलं नाही, याची कुठे नोंद नाही. तुम्ही सरकारी विद्यापीठात आहात, तेव्हा तुमच्या राज्यात काय चालतं ते विचारून घ्या. मात्र एका विद्यार्थ्याची विचारपूस करणं, सगळ्यांसाठी लॅबच्या जोड्या स्वतः लावून देणं, ऑफिस अवर्सना ‘शंका तास’ म्हणणं आणि पहिल्या महिन्यात प्रत्येकाला पाच मिनिटं भेटायला लावणं, याला कुठलाही कायदा आडवा येत नाही. ऑफिस अवर म्हणजे प्राध्यापकांची कामाची वेळ, तेव्हा त्रास द्यायचा नाही, असं समजणारी मुलं मी दर वर्षी बघते. घरातून कॉलेजात जाणारं पहिलंच मूल असलं की हे सांगणार कोण?

आपल्या मुलांबद्दलही दोन शब्द, कारण तुमच्याकडे तीही येतीलच. भारतातून आलेला विद्यार्थी इथे पाऊल ठेवताच ‘ब्राऊन’ होतो, पण माझ्याकडे तो त्या तक्रारीने येत नाही. पोटात जळतं म्हणून येतो. एका मुलाने बॅगेतून पॅन-डीच्या सहा स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या होत्या, आईने बांधून दिलेल्या. चाळीस लाखांचं कर्ज, शेत गहाण, आणि दोन विषयांत नापास. घरी व्हिडिओ कॉलवर ‘सगळं मस्त’. त्याला वाटत होतं, एक कोर्स सोडला तर व्हिसा जाईल. तसं नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आजारपणासाठी, आणि त्यात मानसिक आजार येतो, कमी कोर्सेस घ्यायची परवानगी मिळते, एका पदवीसाठी एकूण 12 महिन्यांपर्यंत. फक्त कोर्स सोडण्याच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसची मंजुरी लागते आणि पत्र डॉक्टरचं किंवा परवानाधारक सायकॉलॉजिस्टचं लागतं. सेंटरमधल्या सोशल वर्करचं चालत नाही, आणि इथे बऱ्याच जणांची गाडी अडते.

‘भारतीय मुलाला भारतीय थेरपिस्ट द्या’ हेही डोळे मिटून करू नका. विदर्भातून आलेली एक विद्यार्थिनी चौथ्या सेशनला म्हणाली, “ताई, तुमचं आडनाव बघून मी आधी दुसऱ्या कोणाचीतरी अपॉइंटमेंट मागितली होती.” इथल्या मराठी मुलींनी खोली भाड्याने घेताना तिला आडनावावरून जे विचारलं होतं, ते ती गोऱ्या थेरपिस्टला सांगू शकत नव्हती कारण त्याला कळलं नसतं, आणि मला सांगू शकत नव्हती कारण मला फार नीट कळलं असतं. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला तो उगाच नाही. तिने सांगितलं तेव्हा मी माफी मागितली, आणि तिला कोण हवं ते तिलाच ठरवू दिलं. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला विचारते, “माझ्याशी बोलताना काही अडेल असं वाटतं का?”

तुमच्या विद्यार्थ्याला आज एक मेल लिहा. आधीच्या मेलसारखा नाही, त्यात लिंक नको. मजकूर साधारण असा ठेवा: “तू वर्गात नाहीस हे माझ्या लक्षात आलं आहे. तुझा पहिला पेपर मी परत काढून बघितला, तिसऱ्या प्रश्नाची तुझी मांडणी वर्गात सगळ्यांत स्वच्छ होती. हा कोर्स अजून हाताबाहेर गेलेला नाही, राहिलेल्या दोन रिपोर्टची तारीख आपण मिळून ठरवू. कारण सांगायची गरज नाही. गुरुवारी तीन ते पाच मी ऑफिसात आहे, दार उघडं असेल. यायला जमणार नसेल तर फोनवर बोलू.” तिसरा प्रश्न खरोखर काढून बघा, जे खरं चांगलं असेल तेच लिहा. आणि पाठवण्याआधी कोर्स सोडण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर तपासा, म्हणजे भेटल्यावर त्याला दोन्ही वाटा दाखवता येतील. उत्तर आलं नाही तर पुढच्या सोमवारी पुन्हा लिहा, दोनच ओळी. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं सांगतात की पहिला मेल त्यांनी उघडलाच नव्हता.